यंत्र बसवण्याचा खर्च नक्की कोणाचा? : ज्युलियन ऑर यांच्या ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’च्या निमित्ताने



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. ज्यांचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यांनी यंत्रांच्या इन्स्टॉलेशनचा खर्च कमी करण्यावर का बोलावं? आमचं उत्तर साधं आहे. एखादं काम स्वस्तात झालं असं आपण म्हणतो, तेव्हा ‘काम’ कशाला म्हणायचं आणि ‘स्वस्त’ कोणासाठी, हे आपण आधीच मनाशी ठरवून टाकलेलं असतं. ते ठरवताना कोणी फारसा विचार केलेला नसतो. तो विचार करणं हा आमचा धंदा आहे.

यासाठी आम्ही एक पुस्तक निवडलं आहे. ज्युलियन ऑर यांचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’, 1996 साली अमेरिकेत प्रकाशित झालेलं. ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ते काम करत होते. मानववंशशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दूरची बेटं आणि वाड्या-पाडे येतात. ऑर गेले ते फोटोकॉपी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर. त्यांच्यासोबत ग्राहकांकडे गेले, न्याहारीला बसले, जेवायला बसले, आणि ते काय करतात नि काय बोलतात हे लिहून ठेवलं. पुस्तक लहान आहे, पण सर्व्हिस खात्याच्या प्रत्येक मुख्याने वाचावं असं आहे. त्यात उणिवाही आहेत. त्या पुढे सांगू.

आधी प्रश्न नीट मांडू या. तुमच्यापैकी जे भोसरी-चाकणकडून आले आहेत त्यांना हे पाठ असेल. कंपनी यंत्र बनवते, विकते. यंत्र ग्राहकाकडे पोचलं की सर्व्हिस खात्याचा माणूस जातो, ते बसवतो, चालू करून देतो, ग्राहकाच्या ऑपरेटरला शिकवतो, सही-शिक्का घेतो आणि परततो. याला इतके तास लागतात, इतका प्रवास, इतकं राहणं-खाणं. वर्षाखेरीस कोणीतरी तक्ता काढतो आणि म्हणतो, दर यंत्रामागे आठ तास लागतात, ते सहावर आणा.

आता हिशेब करून बघू. समजा वर्षाला शंभर यंत्रं बसवली. दर यंत्रामागे दोन तास वाचले, म्हणजे दोनशे तास वाचले. समजा त्या घाईमुळे शंभरातल्या वीस यंत्रांसाठी माणसाला पुन्हा एकदा जावं लागलं, आणि प्रवासासकट त्या खेपेला दहा तास गेले. वीस गुणिले दहा, दोनशे. वाचवलेलं सगळं गेलं. पण गंमत अशी की तक्त्यात ते गेलेलं दिसत नाही! पहिले दोनशे तास ‘इन्स्टॉलेशन’ या खात्यावर वाचले, नंतरचे दोनशे ‘वॉरंटी’च्या खात्यावर पडले. पहिल्या खात्याच्या साहेबांना शाबासकी मिळाली, दुसऱ्या खात्याच्या साहेबांना विचारणा झाली. आणि ग्राहकाचं यंत्र मधले चार दिवस बंद राहिलं, ते तर कोणाच्याच वहीत नाही. हे आकडे आम्ही उदाहरणापुरते घेतलेत. त्यातली घडण मात्र काल्पनिक नाही, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता.

तेव्हा पहिला भेद असा: खर्च कमी होणं वेगळं आणि खर्च सरकणं वेगळं. एका वहीतून दुसऱ्या वहीत, कंपनीकडून ग्राहकाकडे, आजच्या दिवसातून पुढच्या वर्षात खर्च सरकतो. बचतीच्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी अशा सरकवण्याच्या असतात.

दुसरा प्रश्न, बसवणं म्हणजे काय? एक साधा पंप आणि मोटर घ्या. फाउंडेशन आधीच ओतलेलं असतं, निदान असावं अशी अपेक्षा असते. बेसप्लेट ठेवायची, लेव्हल बघायची, बोल्ट आवळायचे, ग्राउट भरायचं, ते पुरतं मुरू द्यायचं, कपलिंगची दोन टोकं एका रेषेत आणायची, पाइप जोडायचे, अर्थिंग तपासायचं, मोटर फिरण्याची दिशा बघायची, मग चालू करायचं. कागदावर ही दहा-बारा ओळींची यादी झाली.

यातली एकच ओळ घेऊ, ‘बोल्ट आवळा’. मोटरचे चार पाय आहेत. त्यातला एक पाय बेसवर पुरता टेकत नसेल तर कारागीर त्याला ‘सॉफ्ट फूट’ म्हणतात. डोळ्यांना ते दिसत नाही. बोल्ट आवळला की पाय खाली बसतो आणि सगळं ठाकठीक दिसतं, पण मोटरचं अंग पिळवटलेलं राहतं. पुढे कधीतरी बेअरिंग तापतं, आवाज यायला लागतो. जाणता फिटर काय करतो? पायाशी डायल लावतो, एकेक बोल्ट सैल करतो आणि पाय किती उचलला जातो ते बघतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे पाच भाग, एवढ्यावर उचलला तर शिम घालतो. याला थोडा वेळ लागतो. तो वाचवता येतो, कारण यादीत ‘बोल्ट आवळा’ एवढंच लिहिलेलं आहे, आणि बोल्ट तर आवळले गेलेत.

पाइपचंही तसंच. पाइप आणि पंप यांची तोंडं जुळत नसतील तर ताकद लावून ओढून जुळवता येतात. बोल्ट बसतात. यादीत खूण होते. मात्र तो ताण पंपाच्या अंगावर कायमचा राहतो, आणि तासाभरापूर्वी मेहनतीने केलेलं अलाइनमेंट बिघडतं. गरम द्रव वाहून नेणारा पंप असेल तर थंड असताना जुळवलेली रेषा तापल्यावर हलते, म्हणून चालवून, तापवून पुन्हा बघावं लागतं. हे माहीत असलेला माणूस वेळ जास्त घेतो. तक्त्यात तो मंद कामगार दिसतो.

इथे ऑर यांचं पुस्तक कामाला येतं. त्यांनी पाहिलेली यंत्रं निराळी आणि काम मुख्यतः दुरुस्तीचं, पण मुद्दा तोच आहे. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड मॅन्युअल दिलेली होती. हा एरर कोड दिसला तर ही पायरी करा, मग ती करा; हो असेल तर इकडे जा, नाही असेल तर तिकडे. ऑर दाखवतात की अशा पुस्तिकेत काय करावं ते असतं, पण का करावं ते नसतं. समजुतीशिवाय काम व्हावं, म्हणजे कमी शिकलेला आणि कमी पगाराचा माणूस ते करू शकेल, हा तिच्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात काय होतं? यंत्र एक कोड दाखवतं आणि बिघाड दुसरीकडेच असतो. पुस्तकात एक प्रसंग आहे. कोड एकमेकांशी जुळत नाहीत, पुस्तिकेतला रस्ता संपलेला आहे, आणि तंत्रज्ञ व त्याच्या मदतीला आलेला अनुभवी विशेषज्ञ यंत्रापाशी बसून एकमेकांना जुन्या बिघाडांच्या गोष्टी सांगतायत. ‘अमक्या ठिकाणी असंच झालं होतं, तेव्हा तिथे काय निघालं?’ एका गोष्टीतून दुसरी आठवते, मधेच एखादी चाचणी करून बघतात, पुन्हा गोष्ट. अशा बोलण्यातून शेवटी निदान हाती लागतं. यंत्रच बदलून द्यावं, हा मार्ग त्यांना मोकळा होता. पण त्यात ग्राहकापुढे नाक गेलं असतं, आणि बिघाड काय होता हे कधीच कळलं नसतं.

वरून बघणाऱ्याला ही गप्पाटप्पांत घालवलेली वेळ वाटेल. ऑर म्हणतात, हेच काम आहे. पुस्तकाच्या नावाचा अर्थ तोच: यंत्रांबद्दल बोलणं हा यंत्रं सांभाळण्याच्या कामाचाच भाग आहे. न्याहारीच्या टेबलावर बसलेले चार तंत्रज्ञ कंपनीच्या डोळ्यांना मोकळे बसलेले दिसतात. त्या टेबलावर कंपनीची सगळ्यात उपयोगी माहिती हातोहात जात असते.

याच्या विरुद्ध टोकाला फ्रेडरिक टेलर. त्यांचं ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ 1911 सालचं. कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या, पुस्तकात ‘श्मिट’ म्हटलेल्या मजुराची कथा त्यात आहे: दिवसाला साडेबारा टन वाहणारा माणूस साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि मजुरी 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंटवर गेली. काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. पण आमचं लक्ष वेधतो तो टेलर यांचा दुसरा दावा. लाद्या वाहण्याचं शास्त्र इतकं खोल आहे की जो ते काम करतो त्याला ते स्वतःहून समजणं शक्य नाही, असं ते लिहितात. म्हणजे डोकं एकाकडे, हात दुसऱ्याकडे. दर यंत्रामागे आठाचे सहा तास करा म्हणणारा तक्ता याच विचाराचा वंशज आहे. तक्ता बनवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण वंशावळ ठाऊक नसली म्हणून रक्त बदलत नाही.

आता आमच्या शास्त्राचं थोडं ऐका. फार वेळ घेणार नाही.

कांट यांनी एक अडचण दाखवून ठेवली आहे. नियम कसा लावायचा हे सांगायला दुसरा नियम दिला, तर तो दुसरा नियम कसा लावायचा हे सांगायला तिसरा लागेल. ही माळ संपत नाही. कुठेतरी माणसाची निर्णयशक्ती लागतेच, आणि ती नियम पाठ करून येत नाही, सरावाने येते. गिल्बर्ट राइल यांनी 1949 सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘असं आहे हे ठाऊक असणं’ आणि ‘कसं करायचं ते येणं’ यांत भेद केला. दुसरं पहिल्यात पुरतं उतरवता येत नाही. पोहण्यावरचं पुस्तक पाठ केलेल्याला विहिरीत ढकलून बघा, म्हणजे भेद कळेल.

पण या प्रश्नाला आपल्याकडचा न्यायशास्त्राचा एक विचार अधिक नेमका लागू पडतो. धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमान बरोबर. उलट केलं तर? अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धुराचं कारण काय? ओलं सरपण. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. जिथे जिथे धूर आहे तिथे ओलं सरपण आहे, पण जिथे जिथे अग्नी आहे तिथे ते असतंच असं नाही. अनुमान करणारा अग्नीकडे बघत राहतो आणि ही न बोललेली अट त्याच्या नजरेतून निसटते.

आता सर्व्हिस खात्याचं अनुमान बघा. ‘अमक्या शाखेत चेकलिस्ट आणली, तिथे यंत्रं पहिल्याच खेपेत नीट बसली. म्हणून सगळीकडे चेकलिस्ट आणा, सगळीकडे नीट बसतील.’ इथे ओलं सरपण कोणतं? जागा आधीच तयार असणं, आणि चेकलिस्ट ज्याच्या हातात आहे तो माणूस जाणता असणं. जिथे यंत्र पहिल्या खेपेत नीट बसलं तिथे या दोन्ही गोष्टी होत्या. जिथे चेकलिस्ट आहे तिथे त्या असतीलच असं नाही. मग चेकलिस्ट दुसऱ्या शाखेत जाते, जाणता माणूस पहिल्याच शाखेत राहतो, आणि वर्षभराने बैठकीत प्रश्न येतो की तिकडचे लोक चेकलिस्ट नीट पाळत नाहीत का? ते पाळतात हो. अग्नी आहेच, सरपण कोरडं आहे.

आम्ही चेकलिस्टच्या विरोधात आहोत असं कोणी समजू नये. जाणता माणूसही विसरतो. यादी त्याला आठवण देते. आठवणीचं काम तिने करावं. समजुतीचं काम तिच्यावर टाकलं की ती खोटी पडते.

आता पैशाकडे परत येऊ. इतिहासातली दोन उदाहरणं फार बोलकी आहेत.

पहिलं, मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट. त्यांची भागीदारी 1775 सालची. त्यांची वाफेची एंजिनं सुरुवातीला कारखान्यातून तयार होऊन निघत नसत. कंपनी नकाशे आणि काही महत्त्वाचे भाग देई, बाकीचं सामान खाणमालक आणे, आणि कंपनीने पाठवलेला माणूस जागेवर एंजिन उभं करी. या माणसाला ‘इरेक्टर’ म्हणत. विल्यम मर्डॉक हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. कॉर्नवॉलच्या खाणींत त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. कंपनीचा मोबदला कसा ठरे? जुन्या न्यूकमेन पद्धतीच्या एंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. म्हणजे एंजिन वाईट बसलं, वाफ गळली, तर कोळसा कमी वाचणार आणि कंपनीची कमाई घटणार. अशा करारात इरेक्टरचे दोन दिवस वाचवण्यात कोणाला गोडी वाटेल?

दुसरं उदाहरण खुद्द झेरॉक्सचं. त्यांचं 914 हे यंत्र 1959 साली लोकांपुढे आलं. वजन जवळपास तीनशे किलो. ते मुख्यतः भाड्याने दिलं जाई, आणि ठरावीक संख्येच्या वर निघणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे पैसे घेतले जात. यंत्र बंद पडलं की प्रती थांबल्या, प्रती थांबल्या की उत्पन्न थांबलं. म्हणून सर्व्हिसच्या माणसांची फौज बाळगणं कंपनीला परवडत होतं. परवडत होतं कसलं, गरजच होती. विमानाच्या एंजिनांतही हा विचार आला: ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने 1962 साली एंजिन जितके तास उडेल त्या हिशेबाने देखभालीचे पैसे घेण्याची योजना सुरू केली, आणि पुढे ही कंपनी विकत घेणाऱ्या रोल्स-रॉइसने ती चालवली.

या उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. वाईट बसवणीचा भुर्दंड ज्याच्यावर पडतो, तो बसवणीचा वेळ ठरवत असेल तर बचत खरी होण्याचा संभव आहे. भुर्दंड एकावर आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती असेल, तर जी दिसेल ती बहुधा सरकवासरकव. यंत्र विकून मोकळं होणाऱ्या कंपनीत हा धोका सगळ्यात मोठा असतो.

आणि इथेच ऑर यांच्या पुस्तकाची पहिली उणीव दिसते. पैशाबद्दल ते फार थोडं बोलतात. तंत्रज्ञांचं ज्ञान किती मोलाचं हे ते मनापासून दाखवतात, पण ते मोल कोणत्या वहीत, कोणत्या कराराखाली मांडायचं, हा प्रश्न सोडून देतात. त्यामुळे सर्व्हिस खात्याचा मुख्य पुस्तक वाचून हेलावतो आणि दुसऱ्या दिवशी तोच तक्ता भरायला बसतो. त्याला दुसरा तक्ता कोणी दिलेलाच नाही.

दुसरी उणीव अशी. पुस्तकात त्रिकोण आहे: तंत्रज्ञ, यंत्र आणि ग्राहक. ऑर यांचं एक निरीक्षण फार मार्मिक आहे. तंत्रज्ञ यंत्राइतकंच ग्राहकाशी असलेलं नातं दुरुस्त करत असतो, आणि यंत्राबद्दल नीट कसं सांगावं हे ग्राहकाला शिकवत असतो. हे खरं. पण त्रिकोणातला हा तिसरा कोन आपल्याला भेटतो तो तंत्रज्ञाच्या तोंडून. कार्यालयात दिवसभर त्या यंत्रापाशी उभं राहणाऱ्या माणसाला काय दिसतं, त्याला कोणत्या गोष्टी ठाऊक आहेत, हे पुस्तकात फारसं येत नाही. मग गोष्टींतला नायक सदा तंत्रज्ञ, आणि वापरणारा बिचारा अडाणी, असं चित्र उमटायला लागतं. टेलर यांनी मजुराला जे म्हटलं तेच तंत्रज्ञाने ऑपरेटरला म्हणावं, यात न्याय कुठला?

बसवणीच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकऱ्यांना भीती होती की लोखंडाने जमीन नासेल. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नांगरात दोष नव्हता. तो लोकांच्या समजुतीत बसायचा बाकी होता. यंत्र फाउंडेशनवर बसलं म्हणजे बसवणी निम्मीच झाली. ज्याच्या हाती ते राहणार त्याच्या हाताला आणि डोक्याला ते बसेपर्यंत उरलेली निम्मी बाकी असते. आणि तास कापायचे ठरले की सगळ्यात आधी कापलं जातं ते ऑपरेटरचं शिक्षण. सही घ्यायच्या आधीची वीस मिनिटं त्याच्या वाट्याला येतात.

तिसरी उणीव काहीशी मोठी. गोष्टी सांगून ज्ञान टिकतं, हे खरं. पण गोष्टी टेबलावर बसणाऱ्यांनाच मिळतात. ज्याला टेबलावर जागा नाही त्याचं काय? झेरॉक्समध्ये याला पुढे एक उत्तर शोधलं गेलं. 1990च्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था आली, तिची सुरुवात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांपासून झाली. तंत्रज्ञाला कामावर एखादी युक्ती सापडली की ती तो लिहून द्यायचा. इतर तंत्रज्ञ ती तपासायचे. पटली तर सगळ्यांना मिळायची, आणि युक्तीखाली ती शोधणाऱ्याचं नाव असायचं. आम्हाला यातलं नाव महत्त्वाचं वाटतं. मर्डॉक यांचंच बघा. गोल फिरणारी गती देणाऱ्या ‘सन अँड प्लॅनेट’ गिअरची कल्पना त्यांची होती असं मानलं जातं. 1781 सालचं पेटंट वॉट यांच्या नावावर आहे. इरेक्टरच्या डोक्यातलं ज्ञान घ्यायचं आणि नाव मात्र वरच्याचं लावायचं, ही रीत जुनी आहे. ज्याचं नाव लागत नाही तो पुढच्या वेळी सांगत नाही. कोणी कितीही सॉफ्टवेअर आणलं तरी ही गोष्ट बदलत नाही.

मग खर्च कमी करायचा तरी कसा? की तत्त्वज्ञान नुसतं ‘असं नाही, तसं नाही’ म्हणून थांबणार? थांबणार नाही. पुस्तकात उत्तर नसलं तरी पुस्तकावरून निघतं.

पहिलं, वाया जाणारी खेप वाचवा, कामाचे तास नव्हे. माणूस तीनशे किलोमीटर जातो आणि बघतो तर फाउंडेशन ओलं, वीज आलेली नाही, हायड्रा उद्या येणार. हा दिवस संपूर्ण वाया. जागेचे फोटो, बोल्टच्या मधली मापं, विजेचा दाब, हे सगळं निघण्याआधी मागवा. पण ते नुसत्या फॉर्मवर ‘होय’ अशी खूण म्हणून मागवू नका. जो माणूस जाणार आहे त्याने ग्राहकाच्या माणसाशी फोनवर बोलावं. दहा मिनिटांच्या बोलण्यात जे कळतं ते खुणांच्या फॉर्मवर कळत नाही.

दुसरं, जागेवरचं काम कारखान्यात आणा. पंप आणि मोटर एकाच बेसवर जुळवून, वायरिंग प्लगवर आणून, ग्राहकाचंच मटेरियल घालून चालवून मग पाठवा. कारखान्यातला तास जागेवरच्या तासापेक्षा स्वस्त असतो, कारण तिथे हत्यार, उजेड आणि विचारायला माणूस हाताशी असतो. बोल्टन-वॉटसुद्धा शेवटी याच वाटेने गेले. 1796 साली त्यांनी पूर्ण एंजिनं बनवण्यासाठी सोहो फाउंड्री सुरू केली. मात्र वाहतुकीत बेस हलतो, म्हणून पोचल्यावर अलाइनमेंट पुन्हा बघावंच लागतं. ‘कारखान्यात बघितलंय’ म्हणून ते गाळणं ही बचत नव्हे.

तिसरं, बसवताना घेतलेली मापं लिहून यंत्रापाशीच ठेवा. किती शिम घातल्या, कंप किती होता, करंट किती घेत होतं. पुढे बिघाड झाला की येणारा माणूस शून्यापासून सुरू करणार नाही. याला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती पंधरा मिनिटं इन्स्टॉलेशनच्या वहीत खर्च म्हणून दिसतात, हे ठाऊक असूनही ती द्यावीत.

चौथं, वह्या एकत्र करा. बसवणी आणि पहिल्या वर्षाची वॉरंटी यांचा खर्च एकाच ओळीत मांडा, आणि त्याच ओळीवर खात्याचं मोजमाप करा. आम्ही आज जे काही सांगतोय त्यातली ही सगळ्यात कमी खर्चाची सुधारणा आहे. तिच्यासाठी यंत्र घ्यावं लागत नाही, माणूस घ्यावा लागत नाही. दोन साहेबांनी एका टेबलावर बसावं लागतं. म्हणूनच ती अवघड!

पाचवं, बसवणाऱ्याचं म्हणणं डिझाइनपर्यंत पोचू द्या. पाना फिरवायला जागा नसलेला एक बोल्ट दर यंत्रामागे अर्धा तास खातो. हे बसवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ज्याने चित्र काढलं त्याला कधीच कळत नाही, कारण या दोघांमध्ये चार खुर्च्या आहेत.

शेवटचा मुद्दा, आणि याच्यासाठी आम्ही आज इथवर आलो.

हल्ली पुष्कळ ठिकाणी बसवणीचं काम कंत्राटावर दिलं जातं. दर कॉलमागे ठरलेली रक्कम. तरुण मुलगा, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून दिवसाला जितके कॉल होतील तितके करतो. त्याने सॉफ्ट फूट तपासला तर त्याचा एक कॉल कमी होतो, म्हणजे पैसे कमी होतात. अर्थिंग मोजलं तरी तेच. आपण खर्च कुठे सरकवला ते आता बघा. कंपनीच्या वहीतून, ग्राहकाच्याही वहीतून, तो त्या मुलाच्या सद्सद्विवेकावर सरकवला. नीट काम करायचं की पुरेसं कमवायचं, हा पेच आपण त्याच्यावर टाकला, आणि त्याला कार्यक्षमता असं नाव दिलं. अर्थिंग नीट नसलेल्या यंत्राला पुढे जो ऑपरेटर हात लावील, त्याच्या जिवाशी या पेचाचा संबंध आहे. हा खर्च रुपयांत मांडताच येत नाही, आणि मांडता येत नाही म्हणून तो शून्य धरला जातो.

शिवाय त्या मुलाला न्याहारीचं टेबल नाही. त्याला कोणी जुना माणूस गोष्ट सांगत नाही, कारण जुना माणूस महाग म्हणून आधीच घरी पाठवलेला असतो. ऑर यांनी लिहिलेला समाज 1980च्या दशकातला होता: पगारी, एका कंपनीत टिकून राहणारे, एकमेकांना ओळखणारे तंत्रज्ञ. तो समाज होता म्हणून ते ज्ञान होतं. आज आपण समाज मोडून ज्ञान मात्र ॲपमधून मागतो आहोत. ॲपमध्ये यादी येते. यादीबद्दल आम्हाला काय वाटतं ते सांगून झालं आहे.

म्हणून ऑर यांचं पुस्तक वाचा. पैशाचा हिशेब त्यात नाही, तो तुम्ही घाला. ऑपरेटरचा आवाज त्यात कमी आहे, तो तुमच्या कारखान्यात जाऊन ऐका. पण एक गोष्ट त्यात अशी आहे जी कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात आम्हाला इतकी स्पष्ट सापडली नाही: चार तंत्रज्ञ चहा पीत यंत्रांबद्दल बोलत बसले असतील, तर त्यांना उठवण्याआधी पाच मिनिटं शेजारी बसून ऐकावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी स्वतः यंत्रं बसवली आहेत त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती आहे.